माळ्यावरचा रिमोट आणि पाच वायरी

 चुलीवर काही असेल तर उतरवून घ्या, नाहीतर आच कमी करा. आज आम्ही जे सांगणार आहोत त्यातलं एखादं वाक्य निसटलं तर पुढचं उमगायचं नाही. आम्ही लोहारा तालुक्यातल्या एका गावच्या बचत गटाच्या बाया. या रेडिओवर आम्ही याआधी शेळीपालनावर बोललो, परसबागेवर बोललो, काळ्या मसाल्यावर बोललो. आज बोलणार आहोत व्हिडिओ गेमच्या जुन्या रिमोटवर. होय, तोच, मारिओचा. पोरं अभ्यास सोडून ज्याला चिकटून बसायची आणि ज्याच्यापायी आपल्या हातचा मार खायची, तो.

तो रिमोट आम्ही गटाच्या कॉम्प्युटरला जोडला. मध्ये जो जोड लागतो, ज्याला अ‍ॅडॉप्टर म्हणतात, तो आमच्या रिमोटला बसेल असा बाजारात सापडला नाही, म्हणून घरी बनवला. खेळायला नव्हे, हिशेब लिहायला.

झालं असं. आमच्या गटाचं दप्तर गेली अठरा वर्षं आक्का लिहिते. नाव घेऊ नका म्हणाली, म्हणून आक्काच म्हणतो. आमच्यातल्या निम्म्या जणी गटात आल्या तेव्हा कागदावर अंगठा उठवायच्या. सही करायला तिनं शिकवलं, मीटिंग संपल्यावर, पाटीवर, एकेकीचा हात धरून. दोन वर्षांमागं उन्हाळ्यात ज्वारीच्या कडब्याची कुट्टी करताना पेंढी अडकली. मशीन चालूच होतं आणि तिनं हातानं पेंढी रेटली. उजव्या हाताची चार बोटं गेली. तळवा राहिला आणि अंगठा राहिला. पेंढी अडकली की आधी बटण बंद, मग हात. हे वाक्य आता आम्ही दर मीटिंगला हजेरीच्या आधी सगळ्यांकडून म्हणून घेतो, आणि आज रेडिओवरही म्हणून टाकलं.

चार महिन्यांनी जखम भरली, तेव्हा दप्तर कोणी लिहायचं हा विषय निघाला. खरं सांगायचं तर तो आम्हीच काढला. नवी पोरगी नेमू, शिकलेली आहे, असं आमच्यातल्याच तिघी-चौघी म्हणाल्या. वाईट बुद्धीनं नव्हे. पण दप्तराचं जे थोडं मानधन मिळायचं त्यात आक्काचं महिन्याचं तेल-साखर निघायचं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोणाचं कर्ज का थकलं, कोणाला दोन हप्ते सवड द्यायला हवी, हे वहीत नसतं, तिच्या डोक्यात असतं. ती त्या दिवशी काही बोलली नाही. उठून गेली, आणि पुढच्या मीटिंगला आली नाही.

त्याच सुमाराला ग्रामसंघाच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आला होता. बचत, कर्ज, परतफेड, व्याज, सगळं आता तक्त्यात भरायचं ठरलं. आम्ही आक्काला घरी जाऊन आणलं. म्हटलं, पेन धरता येत नाही तर नको, हे बघ. माउस डाव्या हाताला दिला. ते जमलं, पण पुरतं जमलं नाही. डाव्या हातानंच वहीचं पान उलटायचं, त्याच हातानं आकडा दाबायचा, त्याच हातानं माउस धरून पुढच्या चौकटीत जायचं. अर्ध्या तासात खांदा भरून यायचा आणि उजवा हात मांडीवर नुसता पडून राहायचा. एक दिवस ती म्हणाली, “ह्या अंगठ्याला बी कायतरी काम द्या की. नुसताच बसून खातोय.”

ते वाक्य तिच्या नातवानं ऐकलं. तो दहावीला आहे. म्हणाला, आजी, व्हिडिओ गेमचा रिमोट अंगठ्यानंच चालतो.

आता थोडं त्या रिमोटबद्दल. जपानच्या निन्टेंडो कंपनीनं १९८३ साली घरच्या टीव्हीला जोडायचं एक खेळाचं मशीन काढलं. त्याच्या रिमोटवर डाव्या बाजूला अधिकच्या चिन्हासारखं एक बटण होतं: वर, खाली, डावीकडं, उजवीकडं. ते बटण त्याच कंपनीच्या गुनपेई योकोई नावाच्या माणसानं १९८२ साली आधी हातात धरायच्या छोट्या खेळासाठी बसवलं होतं. चार दिशांना चार बटणं वेगळी ठेवण्यापेक्षा एकच ठेवलं, म्हणजे अंगठा न उचलता आणि खाली न बघता काम होतं. पुढं तैवानात आणि चीनमध्ये त्या मशीनच्या भराभर नकला झाल्या आणि आपल्याकडं जत्रेत, बाजारात, सोलापूरच्या दुकानांत त्या ‘टीव्ही गेम’ म्हणून आल्या. वर पिवळी कॅसेट खोचायची, तिच्यावर लिहिलेलं असायचं नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ, आणि निघायचे दहाबाराच. मारिओ, काँट्रा, ती बदकं मारायची बंदूक. मोबाईल आला आणि ते सगळं माळ्यावर गेलं. आम्ही गावात विचारत फिरलो तर सात घरांत रिमोट निघाले. एका घरात तो पोराच्या पाळण्याला खुळखुळ्यासारखा बांधलेला होता.

रिमोट उघडायला मागं पाच-सहा बारके स्क्रू असतात. आत काय दिसतं ते ऐका. बटणांच्या खाली रबराची पट्टी, रबराच्या पोटाला काळा ठिपका, आणि त्याखाली हिरवी नाहीतर तपकिरी पाटी. बटण दाबलं की काळा ठिपका पाटीवरच्या दोन रेघांना टेकतो आणि रेघा जुळतात. बास, बटण म्हणजे एवढंच. त्यानंतर पाटीवर एक काळा डांबराचा थेंब सांडल्यासारखा दिसेल. ती घाण नव्हे, तो खरवडू नका. त्याच्याखाली चिप आहे. मूळच्या जपानी रिमोटमध्ये तिथं ४०२१ नंबरची चिप असायची, नकलांमध्ये तीच युक्ती डांबराखाली लपवलेली असते.

युक्ती अशी, की रिमोटला बटणं आठ आणि वायरी फक्त पाच. दोन तर वीज येण्याजाण्याच्या, एक पाच व्होल्टची आणि एक परतीची. उरल्या तीन. तीन वायरींवरून आठ बटणांची खबर कशी जाते? हे आम्हाला पाच दिवस कळत नव्हतं. कळलं ते अंगणातल्या पोरींमुळं.

आठ पोरी ओळीनं उभ्या आहेत असं समजा, एकीमागं एक. तुम्ही ओळीच्या तोंडाशी. तुम्ही ओरडता, ‘स्टॅच्यू!’ जिचा हात वर आहे तिचा वर, जिचा खाली तिचा खाली, सगळ्या थिजल्या. आता पहिली तुमच्या समोरच आहे. तिचा हात बघा, वहीत लिहा. मग टाळी वाजवा. पहिली बाजूला होते, ओळ एक पाऊल पुढं येते, दुसरी तुमच्या समोर. बघा, लिहा, टाळी. असं आठ जणींचं झालं की तुम्हाला कळलं त्या क्षणी कोणाचा हात कुठं होता. रिमोटच्या तीन वायरी म्हणजे हेच. एक ‘स्टॅच्यू’ची वायर, एक टाळीची, एक उत्तराची. ओळीचा क्रमही ठरलेला असतो: आधी ए, मग बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. आणि एक उलटी गोष्ट आहे, ती पुढं आम्हाला नडली. बटण दाबलेलं असलं की उत्तर शून्य येतं, दाबलेलं नसलं की एक. टीव्हीवर खेळ चालू असताना हा सगळा प्रकार सेकंदाला पन्नास-साठ वेळा होतो.

तर आमचं काम काय, तर ‘स्टॅच्यू’ ओरडणारी आणि टाळी वाजवणारी कोणीतरी बसवायची आणि तिनं आलेलं उत्तर कॉम्प्युटरला कळेल अशा बोलीत सांगायचं. दुभाषी म्हणा.

पूर्वीच्या कॉम्प्युटरला मागं प्रिंटर जोडायला पंचवीस छिद्रांचं लांबट तोंड असायचं. तेव्हाचे हौशी लोक रिमोटच्या वायरी सरळ तिथंच जोडायचे, आणि दुभाष्याचं काम कॉम्प्युटर स्वतः करायचा. आता ते तोंडच राहिलेलं नाही, यूएसबी आली. यूएसबीला स्वतःची ओळख सांगितल्याशिवाय ती कोणाला आत घेत नाही. म्हणून एक छोटी पाटी लागते. अर्डुइनो नावाच्या पाट्या २००५ साली इटलीत इव्रिया या गावी विद्यार्थ्यांसाठी निघाल्या. त्या कशा बनतात ते बनवणाऱ्यांनी सगळ्यांना खुलं ठेवलं, म्हणून आज त्या कुठंही आणि स्वस्तात मिळतात. आपल्या भागातल्या काही शाळांत नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅब आहे, तिथं पोरं याच पाट्यांवर दिवे लावतात, पंखे फिरवतात. आक्काच्या नातवाच्या शाळेत ती आहे. त्याच्या वर्गातली एक पोरगी यात फार हुशार. शनिवारी दुपारी ती आमच्याकडं यायला लागली. तिच्या आईला आधी ते पसंत नव्हतं, मग आईही यायला लागली.

कागदावर पहिली आकृती काढली तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणींनी मान फिरवली. आपलं काम नव्हे म्हणाल्या. तेव्हा आक्का हसली. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ती नुकती लग्न होऊन आलेली. आपला हा भाग, सास्तूर, उमरगा, पलीकडं किल्लारी, सगळं जमीनदोस्त झालेलं. नंतर घरं दुरुस्त आणि मजबूत करायचा कार्यक्रम आला, त्यात गावोगाव बायांना संवाद सहायक म्हणून घेतलं. आक्का त्यातली. भिंतीत आरपार दगड कुठं बसवायचा, कोपरा कसा बांधायचा, पट्टा कुठून फिरवायचा, हे नकाशावरून वाचून ती गवंड्याला सांगायची. “तवा बी मला कळत नव्हतं. रेघ म्हंजी भिंत एवढं धरून चालले,” ती म्हणाली. “हितं रेघ म्हंजी वायर.” त्यानंतर आकृती कोणी नाकारली नाही.

पहिला रिमोट आम्ही जाळला. कसा, ते सांगतो, म्हणजे तुमचा जळणार नाही. लाल वायर म्हणजे वीज येणारी आणि काळी म्हणजे परतीची, असं घरच्या वायरिंगवरून आम्ही गृहीत धरलं. त्या रिमोटमध्ये लाल निघाली परतीची. पाच व्होल्ट उलटे गेले, डांबराचा थेंब बोटाला चटका बसेल इतका तापला आणि रिमोट कायमचा मुका झाला. यूएसबीचे पाच व्होल्ट माणसाला इजा करत नाहीत, घाबरू नका, पण चिपला मारतात. या नकली रिमोटच्या वायरींचे रंग बनवणाऱ्याच्या हाताला जे लागेल ते असतात. पिनचा क्रमही दर मशीनला वेगळा. रंगावर जाऊ नका.

दुसऱ्या वेळी मल्टिमीटर आणला, तो बीप वाजणारा. रिमोटच्या पाटीवर दर बटणाखाली दोन रेघा असतात म्हटलं ना, त्यातली एक सगळ्या बटणांना समाईक असते, फिरत फिरत सगळीकडं जाते. ती परतीची. मीटरची एक सुई त्या समाईक रेघेवर ठेवायची, दुसरी एकेका वायरीच्या टोकाला. जिच्यावर बीप, ती परतीची वायर. आमच्या दुसऱ्या रिमोटमध्ये ती तपकिरी निघाली. बाकीच्या वायरींच्या डागापाशी पाटीवर बारीक इंग्रजी अक्षरं छापलेली होती, ती भिंगातून वाचली. तरी खात्री नव्हती, म्हणून पोरीनं एक युक्ती केली. पाच व्होल्टच्या वायरीत हजार ओहमचा एक रेझिस्टर घातला. पाचाला हजारानं भागा, जास्तीत जास्त पाच मिलिअँपिअर वीज जाणार, मग वायर चुकली तरी काही जळायचं नाही. रिमोटला वीज लागतेच किती, तेवढ्यावरही तो चालतो. नीट चाललं की मग रेझिस्टर काढून टाकायचा. हा रेझिस्टर एक-दोन रुपयांना मिळतो. पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर एक रिमोट वाचला असता.

पाटी निवडतानाही एक हिसका बसला. शाळेतल्या लॅबमध्ये असते ती अर्डुइनो उनो. तिच्यावर रिमोटची आठही उत्तरं छान वाचता आली, पण ती पाटी कॉम्प्युटरला ‘मी कीबोर्ड आहे’ असं सरळ सांगू शकत नाही. त्यासाठी ३२यू४ चिपची पाटी लागते, प्रो मायक्रो म्हणून मिळते, अंगठ्याएवढी. आम्ही पुण्याला बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून मागवली, एकीचा भाऊ तिकडं असतो त्याच्याकडून. घेताना पाच व्होल्टचीच घ्या, तीन पूर्णांक तीनचीही तशीच दिसते. पाटी, थोड्या वायरी, सोल्डर, सगळं मिळून आम्हाला आठशेच्या आत पडलं. गटाच्या निधीतून घेतले, ठराव लिहून. ठराव आक्कानं सांगितला आणि नव्या पोरीनं लिहिला.

सोल्डर करणं म्हणजे सोनार डाग देतो तेच, फक्त इथं कथील असतं. काही सोल्डरमध्ये शिसंही असतं. म्हणून हे काम स्वयंपाकघरात करू नका, लेकरू मांडीवर घेऊन करू नका, खिडकी उघडी ठेवा, झालं की साबणानं हात धुवा आणि मगच भाकरी थापा. डाग बसवायची पद्धत अशी की आधी टोक तापवायचं, ते वायरीला टेकवायचं, वायर तापली की सोल्डर वायरीला लावायचं, इस्त्रीला नव्हे. चकचकीत आणि पसरट बसला तर चांगला. गोटीसारखा गोल बसला तर आत चिकटलेला नाही. कल्हई बघितलेल्या बाईला हे दोन मिनिटांत कळतं. आमच्यात सगळ्यात सुबक डाग देते ती मंगळसूत्राचे मणी ओवणारी, तिचा हात कापत नाही.

पाचही वायरी पाटीला लागल्या. राहिलं दुभाष्याला शिकवणं, म्हणजे प्रोग्राम. तो पोरीनं लिहिला, पण काय लिहायचं ते आम्ही अंगणात आठ जणी उभ्या राहून ठरवलं. ‘स्टॅच्यू’ची वायर वर करा. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले बारा भाग थांबा. खाली करा. मग टाळी, वाचा, टाळी, वाचा. आठ वेळा. शून्य आलं तर त्या बटणाची कळ दाबल्याचं कॉम्प्युटरला सांगा, एक आलं तर सोडल्याचं.

जोडलं, आणि तक्त्यातली चौकट आपोआप उजवीकडं पळत सुटली. कोणी हात लावला नव्हता. पळत पळत पार त्या टोकाला जिथं कोणाचा हिशेब नाही तिथं. परत आणावी तर परत पळे. वर बटणंही बदललेली, बी दाबावं तर ए चं काम होई आणि ए दाबलं तर काहीच नाही. एक म्हणाली नजर लागली. एक म्हणाली रिमोट जुना आहे, सोडून द्या. तीन शनिवार यात गेले. आक्का तेवढ्यात दोन मीटिंगना आली नाही, आणि आम्हाला कळत होतं का.

चौथ्या शनिवारी आम्ही पुन्हा अंगणात ओळीनं उभ्या राहिलो आणि पोरगी प्रोग्राममधली एकेक ओळ वाचत गेली. “स्टॅच्यू.” थिजलो. “टाळी.” ओळ पुढं सरकली. “वाचा.” आणि ओळीतून बाजूला झालेली पहिली बाई ओरडली, “अगं, मला कुठं वाचलंस?” तीच चूक होती. ‘स्टॅच्यू’ म्हटल्याबरोबर पहिली समोरच असते, तिला टाळी लागतच नाही. आधी वाचायचं, मग टाळी. आम्ही आधी टाळी वाजवत होतो, म्हणून ए हरवत होती आणि सगळ्या एकेक जागा पुढं सरकत होत्या. आठव्या वेळेला तर समोर कोणीच उरत नव्हतं. रिकाम्या जागेवरून शून्य येतं, आणि शून्य म्हणजे दाबलेलं, ही ती उलटी गोष्ट. आठवी जागा कोणाची? उजव्या बटणाची. म्हणून चौकट उजवीकडं पळत होती. प्रोग्राममधल्या दोन ओळींची अदलाबदल केली. चौकट जिथल्या तिथं उभी राहिली.

आता आक्काचं काम कसं चालतं ते सांगतो. रिमोट एका फळीला स्क्रूनं पक्का बसवलाय, टेबलाच्या उजव्या कडेला. उजवा तळवा फळीवर टेकतो आणि अंगठा अधिकच्या बटणावर. तो चौकटी फिरवतो. डावा हात फक्त आकडे दाबतो आणि पान उलटतो. सिलेक्टला जतन करायचं काम दिलंय, बी ला खोडायचं. ए ला एंटर दिलं होतं, पण अंगठा तिकडं नेताना ती अडखळायची. त्यावर तिनंच उपाय काढला. तिच्या घरी शिलाई मशीन आहे, बोटं जायच्या आधी ती ब्लाउज शिवायची. म्हणाली, पाय मोकळाच आहे. मग दाराच्या बेलचं एक नवीन बटण आणलं, रिमोटच्या पाटीवर ए च्या दोन रेघांना दोन वायरी डागल्या आणि बटण लाकडाच्या ठोकळ्यावर बसवून पायाखाली ठेवलं. बोटानं दाबा की पायानं, चिपला तेच. आता आकडा डाव्या हातानं, एंटर पायानं, पुढची चौकट अंगठ्यानं. बेलचं बटण नवीनच घ्या हं. भिंतीतलं काढून त्याच्या वायरी यात मिसळू नका, त्यात घरची दोनशे तीस व्होल्टची वीज असते, ती या पाच व्होल्टच्या जवळपासही यायला नको.

नंतर नातवानं मोबाईलवर दाखवलं की मायक्रोसॉफ्ट कंपनीनं २०१८ साली अपंग माणसांसाठी खास एक रिमोट काढलाय, त्याच्या मागं छिद्रांची रांग असते आणि त्यात पायाचं, कोपराचं, हनुवटीचं कसलंही बटण जोडता येतं. बघून आक्का म्हणाली, आपल्यासारखंच केलंय की त्यांनी. तो महाग आहे. पण कोणाच्या ऐपतीत असेल आणि घरात गरज असेल तर जरूर चौकशी करा, आमच्याच मार्गानं जायला पाहिजे असं नाही.

आमच्या जोडाला काय जमत नाही, तेही सांगायला हवं. नावं टाइप करायला तो कामाचा नाही. आठ बटणांत मराठी मावत नाही. नावं पोरगी भरून ठेवते, आकडे आक्का भरते. पावसाळ्यात रबराखालचे ठिपके ओले होतात आणि बटणं दाबली जात नाहीत, मग पट्टी काढून कोरड्या कपड्यानं पुसावी लागते. वायर जिथं रिमोटमधून बाहेर येते तिथं ती दोनदा तुटली, आता तिथं आत गाठ मारून ठेवलीय. आणि ज्याच्या दोन्ही हातांत काही जोर नाही त्याला हा रिमोट जसाच्या तसा उपयोगाचा नाही, त्याला बेलच्या बटणांसारखी मोठी बटणं बाहेर काढून द्यावी लागतील. एका श्रोत्या ताईंनी विचारलं होतं, एकाच हाताचा माणूस दोन कळा एकदम कशा दाबणार? त्याला रिमोटही नको. विंडोजच्या कॉम्प्युटरवर शिफ्टची कळ ओळीनं पाच वेळा दाबा, तो विचारेल, हो म्हणा. मग शिफ्ट, कंट्रोल या कळा एकदा दाबून सोडल्या तरी पुढच्या कळेपर्यंत धरल्यासारख्या राहतात. हे कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच असतं, फुकट. आम्हाला ते सगळं बांधून झाल्यावर कळलं.

मार्चअखेरचा ताळेबंद यंदा आक्कानं भरला. आमचे साडेतीन तास लागायचे, तिला पाच लागले. एका जागी तिनं परतफेडीचा एक हप्ता दोनदा धरला होता, तो तिनंच दुसऱ्या दिवशी शोधून काढला. नवी पोरगी तिच्या शेजारी बसते आणि कोणाला सवड द्यायची, कोणाला नाही, ते ऐकून घेते. मानधन दोघींत वाटलंय. हे बरोबर झालं का, यावर गटात अजून वाद आहे. आक्काला तिचं पूर्ण मिळायला हवं असं म्हणणाऱ्या आम्ही आहोत, आणि पोरीचंही काम खरंच आहे असं म्हणणाऱ्याही आम्हीच. पुढच्या महिन्याच्या मीटिंगला तो विषय आहे.

एक निरोप सांगून थांबतो. शेजारच्या गावात एक पोरगा आहे, बारा वर्षांचा, जन्मापासून हात वाकडे. त्याच्या आईनं हा जोड बघितला आणि तिला त्याच्यासाठी चार मोठ्या बटणांचा पाहिजे आहे. पाटी आम्ही मागवली आहे, रिमोट कमी पडतोय, कारण एक जळाला, एक आक्काकडं आणि बाकीच्यांतले तीन उंदरांनी खाल्लेले निघाले. तुमच्या माळ्यावर असेल तर गुरुवारच्या बाजाराला येताना घेऊन या, रेडिओच्या खोलीत ठेवा. त्याचं मशीन नको, कॅसेट नको. फक्त रिमोट, आणि वायर कापू नका, टोकाच्या पिनसकट आणा.